झाड कोणीकडे पडेल

४ ऑक्टोबर

प्रिय बारके,

तुझ्या दवाखान्यात फोन आहे, मला माहीत आहे. पण तो मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर आहे, आणि तू फोनवर अशी ओरडतेस की निम्म्या पेशंटना आपल्या घरचं सगळं कळतं. म्हणून लिहितेय. सकाळच्या बसचा ड्रायव्हर पत्र डोंगरावर पोचवतो म्हणालाय.

रेडिओवर परवापासून वादळाचंच चाललंय. ते अजून लांब समुद्रात आहे, गोल गोल फिरतंय, कुठे वळायचं ते त्याचं ठरत नाहीये. बातम्या देणारी बाई हे इतक्या गोड आवाजात सांगते की लग्नाचं आमंत्रण वाटावं. इथे पान हलत नाही. समुद्रावर साय धरल्यासारखी दिसते. ऊन उतरलं की आभाळ तांब्याच्या रंगाचं होतं आणि त्या उजेडात माणसं जुन्या फोटोतल्यासारखी दिसायला लागतात. काल दूधवाला दारात उभा होता, तर मला वाटलं हा कुणी फार पूर्वी गेलेला माणूस भेटायला आलाय. त्याने "पातेलं आणताय ना?" विचारलं तेव्हा भानावर आले.

घराचं म्हणशील तर बरंच उरकलंय. आम्ही छपराच्या पत्र्यांना तारा आवळल्या, पन्हळीतला पाचोळा काढला. कपाटं विटांवर चढवली. सगळं घर चवड्यांवर उभं राहिल्यासारखं दिसतं, जणू त्याला कंपाउंडच्या पलीकडे काहीतरी बघायचंय. कुंड्या, बादल्या, अंगणातली खुर्ची, वाऱ्याने उडेल ते सगळं आत घेतलं. खिडक्यांवर फळ्या ठोकल्या. फटींतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्या दिवसभर भिंतीवरून सरकत असतात. शिवता शिवता मी त्यांच्याकडे बघत बसते आणि सुई बोटात जाते.

दोन गोष्टींचा घोर आहे. एक ते मधलं शिरीषाचं झाड. आपल्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये ते असं उभं आहे की कुणाच्याही डोक्यावर येऊ शकतं. झाडं छाटणारी माणसं गावभर पळतायत, आपला नंबर कधी लागेल सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट तुला विचारायची आहे. पाणी चढलं तर उंबऱ्याला वाळूची पोती लावावी लागतील, आणि गावात एक पोतं शिल्लक नाही. माझ्याकडे कापड पुष्कळ, पण फ्रॉकचं आणि अस्तराचं. वाळू भरली की टर्रकन फाटेल. जाड कापड घरात एकच आहे. ह्यांच्या बंदरावरच्या ड्यूटीच्या पँटी. पाय खालून शिवले की एकेकीत दोन पोती होतात. पण त्या फक्त माझ्या नाहीत. तू ह्यांची बहीण आहेस. म्हणून विचारते.

तुझी
वहिनी

५ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र मिळालं. आधी मुकाट्याने पिशवी भर आणि वर निघून ये. माझ्या खोलीत दुसरी खाट आहे, इथे पाणी चढायला समुद्राला जिना लागेल. दुखणं अंगावर काढणारे पेशंट मी रोज बघते, त्यांना जे बोलते तेच तुला बोलते आहे. वादळ अंगावर काढू नकोस.

निघेपर्यंत पिण्याचं पाणी उकळून झाकून ठेव. काड्यापेटी बरणीत घाल. विजेचा मेन स्विच तूच बंद कर, कुणावर सोपवू नकोस.

आणि पँटींचं म्हणशील तर नाही. दादाचे कपडे मातीत घालायचे नाहीत. तो गेल्यावर तू कपाट आवरलंस तेव्हा मी त्या मुद्दाम परत आत ठेवल्या होत्या. मी सुट्टीला येते तेव्हा ते कपाट एकदा उघडते, तुला माहीत नसेल. त्यांना अजून ग्रीसचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास येतो. पडदे फाड, चादरी फाड, माझा जुना कोट आहे तो फाड.

आणखी एक. मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात "आम्ही" आहे. आम्ही तारा आवळल्या. घरात तर तू एकटी. तू राणीच्या थाटात बोलायला लागलीस, की मला न सांगता भाडेकरू ठेवलास? की कुणी घर बघायला येतंय? विकायचं मनात असेल तर सरळ सांग. अर्धं माझं आहे म्हणून नाही विचारत. मला उगाच स्वप्नं पडतात म्हणून विचारतेय. काल पहाटे पाहिलं की मी घरी आले आहे, किल्ली लागतेय, दार उघडतंय आणि आत नुसता समुद्र आहे. अगदी शांत, आपल्या हॉलच्या मापाचा.

इथे सगळे मला मोठ्या सिस्टर म्हणतात. मी दरडावलं की डॉक्टरसुद्धा औषध घेतात. तू तेवढी ऐकत नाहीस.

बारकी

७ ऑक्टोबर

प्रिय बारके,

तुझं पत्र आलं तेव्हा मी तिसऱ्या पँटीचा पाय शिवत होते. रागावू नकोस. मशीन थांबवून पत्र वाचलं, थोडी रडले, आणि मग पाय शिवून टाकला. वादळ वळलंय. आमच्याकडेच वळलंय. पडदे मी आधीच फाडून बघितले होते, ते वाळूच्या ओझ्याने उसवले. तुझ्या कोटाला तर कसर लागली आहे, हात लावला की भुगा.

आता त्या पँटी वाळू पिऊन उंबऱ्यावर बसल्या आहेत. खरंच बसल्या आहेत ग, गुडघे मुडपून, एकाला एक खेटून. संध्याकाळच्या त्या तांबड्या उजेडात वाटतं, बंदरावरची सगळी पाळी सुटली आणि माणसं आपल्या पायरीवर दम खायला टेकली. मला भीती वाटायला हवी होती. पण मी चहा घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि बरं वाटलं. हे असते तर म्हणाले असते, "मेल्यावरही ड्यूटी चुकली नाही."

राणी नाही, भाडेकरू नाही, आणि घरही कुणी बघायला येत नाही. "आम्ही" म्हणजे मी आणि शेजारचे चष्मेवाले. तू त्यांना कंपाउंडपलीकडून पाहिलं असशील. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, घरी एकटेच असतात. एरवी नमस्कारापुरती ओळख होती. पण छपरावर चढायला शिडी एकाकडे आणि तार दुसऱ्याकडे, तर काय करणार? हुशार माणूस आहे, पण हातोड्याच्या बाबतीत आनंदच. स्वतःच चष्म्याचं काम करतात आणि खिळा सोडून अंगठ्यावर मारतात. मी चिंधी बांधली तर म्हणाले, "नंबर वाढलेला दिसतोय. कुणा चांगल्या चष्मेवाल्याला दाखवायला हवं."

झाड छाटणारा शेवटी आला, पण एकटाच, आणि घाईत. चष्मेवाल्यांनी त्याला आधी माझ्या बाजूच्या फांद्या घ्यायला सांगितल्या. त्या उतरवून झाल्या आणि त्याचं यंत्र बंद पडलं. उद्या येतो म्हणून गेला. आता उद्या कुठला यायला. मी म्हटलं, "तुमच्या बाजूचं तसंच राहिलं की हो." तर ते वर बघत म्हणाले, "अर्ध्या झाडाला अर्धंच वारं लागेल." हा कुठला हिशेब?

मी वर येत नाही. बसगाड्या भरून जातायत, त्यातली एक जागा पोराबाळांच्या आईला मिळू दे. आपलं घर चौथऱ्यावर आहे, विटांचं आहे. शाळेत आसरा केलाय, अगदीच वेळ आली तर तिथे जाता येईल. शिवाय लोकांचे कपडे माझ्याकडे अर्धवट शिवलेले पडले आहेत. हे कारण तुला पटणार नाही, मला माहीत आहे. पण दुसरं काय लिहू?

पक्षी गेले सगळे. आवाज कसला म्हणून नाही. इतकी शांतता की दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या रिळांचा रंगसुद्धा ऐकू येईल.

ही शेवटची बस. सांभाळून राहा.

वहिनी

९ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही. बस बंद आहे, फोन मेलेला आहे, आणि रेडिओवरच्या त्या गोड आवाजाच्या बाईच्या जागी आता नुसती खरखर आहे. ती तुझ्याच गावाहून बोलत होती, हे मला आज कळलं.

इथे वादळाचा नुसता पदर आलाय. धुकं व्हरांड्यात शिरतं, खाटांच्या मधून हिंडतं आणि पलीकडच्या दाराने जातं. पेशंट पडल्या पडल्या ऐकतायत. कुणी खोकत नाही. दुपारी मी खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेतली तर आपलं घर दरीतून वर तरंगत येताना दिसलं. खिडक्यांना फळ्या, पायरीवर तुझ्या त्या पँटी ओळीने. ते दवाखान्याच्या गच्चीला लागलं. मी विचारलं, "आत कोण आहे?" कुणी ओ दिली नाही. पायरीवर दादा बसलाय असं वाटलं. दादाने दार अडवून धरलेलं होतं. मला आत घेईना, पण पाण्यालाही घेईना.

जागी झाले आणि तुझं पत्र काढलं. पँटींवरून भांडले, त्याची आता लाज वाटत नाही आणि रागही येत नाही. तो दारात बसला असेल तर बसू दे. कपाटात तरी काय करत होता?

पण मी आणखी काहीतरी शोधत होते. "आम्ही" कुठे कुठे आहे ते. परवा त्या शब्दाने माझं डोकं फिरलं होतं. मला वाटलं होतं, कुणीतरी आमच्या घरात शिरतंय. आज मी तो शब्द बोटाने चाचपते आहे. वहिनी, ते चष्मेवाले असोत, नाहीतर आणखी कुणी असो. आत्ता, या क्षणी, तुझ्या घरात कुणीतरी असू दे. तू एकटी असू नकोस. मोठ्या सिस्टरला एवढंच हवंय आणि ते कुणाला दरडावून मागायचं, कळत नाही.

बारकी

१५ ऑक्टोबर

प्रिय बारके,

मी बरी आहे. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू श्वास घेऊन वाचशील. रस्ता आज उघडला आणि ड्रायव्हरने तुझं नऊ तारखेचं पत्र आणि निरोप एकदमच दिला. म्हणाला, "मोठ्या सिस्टर घाटाच्या तोंडाशी उभ्या होत्या. पत्र हातात दिलं आणि म्हणाल्या, उत्तर आणल्याशिवाय गाडी वर आणलीस तर बघ."

झालं ते असं. नऊ तारखेला सकाळीच वारा सुटला. चष्मेवाले छत्री घेऊन आले, आणि छत्री दारातच उलटी होऊन गेली. म्हणाले, "तुमचं मशीन एकटीला उचलता येणार नाही." आम्ही मशीन कापायच्या टेबलावर चढवलं. मग पाणी आलं. धावत नाही आलं. दाराखालून जिभेसारखं आलं, चाटून बघितलं, आणि मग आपलंच घर असल्यासारखं शिरलं. पँटी जागच्या हलल्या नाहीत. वरून पाणी आलं, पण त्यांनी दार फुटू दिलं नाही.

आम्ही टेबलावर पाय वर घेऊन बसलो, मध्ये मशीन. खालच्या फळीवरची रिळं मी विसरले होते. ती तरंगायला लागली. लाल, पिवळी, मोरपंखी, प्रत्येकाचा दोरा सुटत गेला, आणि फटीतल्या उजेडात हॉलभर रंगीत रेघा हलत राहिल्या. बाहेर जग मोडत होतं आणि आत कुणीतरी पाण्यावर भरतकाम करत होतं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि म्हणाले, "हे मला खरंच दिसतंय ना?" मी म्हटलं, "मलाही दिसतंय." 

मग एकदम सगळं थांबलं. आम्ही दार उघडून बाहेर आलो. वर विहिरीच्या तोंडासारखं गोल निळं आभाळ, त्यात शेकडो पांढरे पक्षी गोल फिरत होते, बाहेर पडायला वाट नसल्यासारखे. झाड उभं होतं. ऊन पडलं होतं. मला वाटलं संपलं. चष्मेवाले म्हणाले, "हा वादळाचा डोळा. आता उलट्या बाजूने येईल. तेवढ्यात मी दुकानातून घरी आणून ठेवलेले लोकांचे चष्मे घेऊन येतो. आंधळी होतील बिचारी."

ते पाण्यात उतरलेसुद्धा. मी म्हटलं, "जाऊ नका." ते म्हणाले, "हा आलोच." तेव्हा मी त्यांचा हात धरला. बारके, जसं झालं तसं लिहिते आहे. नुसता धरला नाही, सोडलाच नाही. मी म्हटलं, "एकदा मी एका माणसाला 'लवकर या' म्हणून दारातून जाऊ दिलंय. तुम्हाला जाऊ देणार नाही." ते तसेच उभे राहिले. पक्षी फिरत होते. मग आत आले.

दार लावलं आणि वारा उलटा फिरला. झाड त्यांच्या घरावर पडलं. आपल्या बाजूला ओझं उरलंच नव्हतं, ते दुसरीकडे कुठे जाणार? त्यांची झोपायची खोली आणि कामाची खोली, दोन्ही गेल्या. चष्म्यांचा खण जिथे होता तिथे बुंधा आहे. आवाज असा झाला की मी ऐकलाच नाही, हाडांत कळला. मी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं. म्हणून आधी माझ्या फांद्या." ते म्हणाले, "माहीत नव्हतं. पण कुठेतरी पडणारच होतं, तर..." आणि वाक्य सोडून दिलं.

दुसरं कारण काय लिहू, असं मी मागे लिहिलं होतं. ते कारण हेच होतं. ते थांबणार होते, म्हणून मी थांबले. आणि आता कळतंय, मी थांबणार होते म्हणून ते थांबले. दोघं आधी बोललो असतो तर बसमध्ये बसून तुझ्याकडे आलो असतो.

ते सध्या आपल्या पुढच्या खोलीत आहेत. गावात कुजबूज सुरू झाली आहे. छप्पर नसलेल्या लोकांनाही दुसऱ्याच्या छपराखाली बघायला वेळ मिळतो. पण तो प्रश्न त्यांचा. माझा प्रश्न तुला आहे. घर अर्धं तुझं आहे, आणि हे तुझे भाऊ होते. चष्मेवाल्यांनी इथे राहिलेलं तुला चालेल का? नुसतं छप्पर दुरुस्त होईपर्यंत नाही विचारत. तू नको म्हणालीस तर ते शाळेत जातील. तसं त्यांनीच सांगितलंय. आणि तुझ्या-माझ्यात काही बदलणार नाही, हे मी सांगते.

वहिनी

३ नोव्हेंबर

वहिनी,

तुम्ही दोघं पाण्याच्या टँकरला गेला आहात. रांग मोठी दिसते. माझी बस निघायची वेळ झाली, म्हणून तुझ्या कापायच्या टेबलावर बसून लिहिते आहे. तीन दिवस तोंडाने बोलले नाही ते लिहून जाते.

मी तुझ्या पत्राला उत्तर पाठवलं नाही. सुट्टी काढली आणि आले. बसमध्ये सगळं ठरवलं होतं, काय बोलायचं, कुठे थांबायचं, कुठे डोळे पुसायचे. वाटेत सगळी झाडं एकाच दिशेला झोपलेली होती, केस विंचरावेत तशी. मला वाटलं मी झोपेतच प्रवास करते आहे.

गल्लीत वळले आणि अंगणात नुसता लखलखाट. तुझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर चष्मे टांगलेले, काड्या अडकवून, चिखलातून काढून धुतलेले. वाऱ्याने हलत होते आणि भिंतीवर उन्हाचे तुकडे पळत होते. गावातली माणसं दोरीखालून हिंडत होती, एक डोळ्याला लावून बघायचं, नाही म्हणून परत टांगायचं, दुसरा लावायचा. एका म्हाताऱ्या मास्तरांनी कुणाचा तरी बायकी चष्मा लावला आणि म्हणाले, "माझा नाही, पण यातून जग जास्त चांगलं दिसतं, हाच घेतो." आणि तू हसलीस. पायरीवर बसून, मांडीवर कुणाचा तरी भिजका शर्ट घेऊन, मान मागे टाकून.

मी फाटकाबाहेर उभी राहिले. तू अशी हसतेस हे मला माहीत नव्हतं. दादाच्या वेळी हसायचीस, पण तोंडावर हात ठेवून. दादा चांगला होता, हे आपण दोघी जाणतो. तरी माझं ठरवलेलं भाषण तिथेच फाटकापाशी गळून पडलं. मी आत आले आणि म्हणाले, "चहा आहे का?" तुला वाटलं मी रागात आहे. मी रागात नव्हते. माझा आवाजच तसा आहे.

चालेल, वहिनी. चालेल म्हणजे नुसतं चालवून घेईन असं नाही. त्यांना पुढच्या खोलीत पाहुण्यासारखं ठेवू नकोस, त्या खोलीला ओल आहे, छाती धरेल. कुजबुजणाऱ्यांना माझा पत्ता दे. माझा अर्धा वाटा मात्र मी सोडत नाही. भावाच्या घरालाच माहेर म्हणतात ना, मग तो नसताना ते कुठे जायचं? ते इथेच राहू दे. मी सुट्टीला आले आणि दार त्यांनी उघडलं, तरी मी चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात शिरणार.

एकच अडचण राहिली होती. तीन दिवस मी त्यांना हाक मारलेली नाही. "अहो" म्हणून भागवलं, तेही भिंतीकडे बघून. त्यांचंही तसंच. ते मला "सिस्टर" म्हणतात आणि नाडी दाखवायला हात पुढे केल्यासारखे उभे राहतात. वहिनीच्या माणसाला काय म्हणायचं? मी आपली सगळी नाती मनात उलटीपालटी करून पाहिली. दीर नाही, मामा नाही, काका नाही. दादा तर नाहीच. या माणसासाठी आपल्याकडे शब्दच करून ठेवलेला नाही कुणी.

मग मी दुसऱ्या टोकाने धरलं. त्यांचं नातं सापडत नसेल तर तुझं बदलावं. तू माझी थोरली बहीण झालीस की ते आपोआप भाऊजी होतात. कुणाला विचारायला नको, काही समजावायला नको.

चहा करून झाकून ठेवलाय. भाऊजींच्या कपात साखर कमी आहे.

येते ग, ताई.

बारकी